कॅमेऱ्याकडून काहिलीकडे: अंतिम वर्षाच्या एका प्रोजेक्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर शहरालगतच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातलं आहे. शाखा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, गट चौघांचा. ओळख पटू नये म्हणून महाविद्यालय, गाव आणि माणसं यांपैकी कुणाचंही नाव दिलेलं नाही, काही बारीक तपशीलही बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. विभागाच्या प्रोजेक्ट समितीत मी असल्यामुळे गटाचे रिव्ह्यू, गाईड सरांच्या नोंदी आणि मुलांची वही हे तिन्ही मला बघायला मिळालं.

आमच्याकडे प्रोजेक्ट दोन सेमिस्टरचा असतो. सातव्यात विषय, सिनॉप्सिस (कामाचा आराखडा), आधीच्या कामाचा अभ्यास आणि थोडंफार डिझाइन. आठव्यात प्रत्यक्ष बांधणी, चाचणी, ब्लॅकबुक (छापील अहवाल) आणि मेमध्ये एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोर, व्हायवा. विषयांची यादी दरवर्षी बहुतेक तीच येते: चेहरा ओळखून हजेरी, स्मार्ट डस्टबिन, अंधांसाठी काठी, मोबाईलवरून चालू-बंद होणारी शेतातली मोटर. यातला एकही विषय मुळात वाईट नाही. वाईट हे की तो कुणाच्या गरजेतून आलेला नसतो, मागच्या बॅचच्या पेनड्राइव्हमधून आलेला असतो.

या गटाचा विषय तसा नव्हता. गटप्रमुख मुलगी पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातली. घरचा ऊस आहे आणि चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे. कोल्हापूर आणि गूळ यांचं नातं सांगायची गरज नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तीच गुळाच्या व्यापारासाठी, दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात आजही मुहूर्ताचे सौदे निघतात आणि 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी आमच्या विभागात गुळावर प्रोजेक्ट केलेला कुणाला आठवत नव्हता. विषय मांडला तेव्हा समितीतल्या सगळ्यांनाच बरं वाटलं.

बाकी तिघांपैकी एक शहरातला, कोडिंगमध्ये हुशार. दुसरा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. इंग्रजीत प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं की मागे सरकायचा, पण सोल्डरिंग, वेल्डिंग, ड्रिलिंग यांत त्याचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. चौथा अभ्यासात मध्यम, बोलण्यात चटपटीत.

सिनॉप्सिसचं शीर्षक होतं: मशीन लर्निंग वापरून गुळाची प्रतवारी. कल्पना अशी की गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, फोटो काढायचा आणि मॉडेलने, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्रामने, तो पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या प्रतीचा ते सांगायचं. शीर्षक एका फेरीत मंजूर झालं. गुऱ्हाळावर तोवर घरची मुलगी सोडून गटातलं कुणीच गेलेलं नव्हतं.

अडचण

पहिलं सेमिस्टर छान गेलं, निदान तसं दिसलं. मुलांनी मार्केट यार्डात जाऊन सौद्याला आलेल्या रव्यांचे फोटो काढले, अडत्यांकडून प्रत विचारून घेतली, पायथनमध्ये मॉडेल बसवलं, काही फोटोंवर ते शिकवलं (ट्रेनिंग), बाकीच्यांवर तपासलं (टेस्ट) आणि डिसेंबरच्या रिव्ह्यूत ॲक्युरसी, म्हणजे बरोबर उत्तरांचं प्रमाण, दाखवली 97 टक्के. टाळ्या पडल्या.

समितीत संगणक विभागाच्या एक मॅडम होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: टेस्टसाठी ठेवलेल्या फोटोंतला रवा ट्रेनिंगच्या फोटोंत नव्हता ना?

होता. प्रत्येक रव्याचे चारी बाजूंनी फोटो काढले होते आणि मग सगळे फोटो एकत्र करून कोडने त्यातले काही टेस्टसाठी उचलले होते. म्हणजे रव्याची डावी बाजू ट्रेनिंगमध्ये आणि उजवी टेस्टमध्ये. मॉडेल गुळाची प्रत ओळखत नव्हतं, तो विशिष्ट रवा आणि त्यामागचं गोणपाट ओळखत होतं. ही चूक फार हुशार मुलांकडूनही होते, कारण कोडची एक ओळ हे काम आपसूक करून टाकते आणि आकडा इतका सुंदर येतो की त्यावर संशय घ्यायला मन होत नाही. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे एका शेतकऱ्याचा संपूर्ण माल एकतर ट्रेनिंगमध्ये किंवा टेस्टमध्ये, अशी विभागणी केली तेव्हा आकडा साठीच्या आसपास घसरला.

दुसरा घाव गुऱ्हाळावर बसला. नाताळच्या सुट्टीत चौघं पहिल्यांदा एकत्र गेले. चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रंगावर प्रत ठरवतासा व्हय? मग पावडर मारल्याला गूळ तुमच्या मशीनला एक नंबर वाटणार की."

पावडर म्हणजे हायड्रॉस, सोडियम हायड्रोसल्फाइट. रस उकळताना ती टाकली की गूळ पिवळाधमक निघतो. बिनरसायनाचा गूळ तांबूस, तपकिरी असतो. बाजारात पिवळ्या रंगाला भाव जास्त, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती वापरली जाते. मुलांच्या डेटासेटमधली 'पहिली प्रत' ही अडत्याने भावाच्या हिशेबाने सांगितलेली होती. तेव्हा मॉडेल उत्तम चाललं असतं तरी त्याने जास्त पावडर मारलेल्या गुळाला जास्त गुण दिले असते. ज्या शेतकऱ्यासाठी प्रोजेक्ट करतोय असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं, त्याच्याच विरोधात ते यंत्र उभं राहिलं असतं.

मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही जागा. ॲक्युरसीची चूक कोडमध्ये दुरुस्त होते. प्रश्नच चुकीचा विचारलाय हे कोडमध्ये दिसत नाही. ते गुऱ्हाळाच्या ओसरीवर बसल्यावर दिसतं.

तिसरी अडचण आली जानेवारीत. चौथ्या मुलाला पुण्यातल्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप लागली, पुढे नोकरीची शक्यता होती. तो जाणार हे नक्की होतं. घरची परिस्थिती पाहता त्याला थांबवणं कुणाच्या मनातही आलं नाही.

समोरचे पर्याय

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाईड सर आणि गट यांची बैठक झाली. वहीत चार पर्याय लिहिलेले आहेत.

पहिला, आहे तसं पुढे रेटणं. 97 चा आकडा सगळ्यांनी पाहिलेला होता, एक्स्टर्नल नवा येणार, विभागणीचा प्रश्न तो विचारीलच असं नाही. कोडिंगवाल्या मुलाने हा पर्याय बोलून दाखवला हे मला त्याच्या बाजूचं वाटतं. बहुतेक गटांत तो न बोलताच निवडला जातो. सरांनी एवढंच सांगितलं की तसं करायचं असेल तर रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे छापावे लागतील. तिथेच तो पर्याय संपला.

दुसरा, तयार प्रोजेक्ट विकत घेणं. शहरात आणि ऑनलाइन अशी दुकानं आहेत. सर्किट, कोड, रिपोर्ट, स्लाइड आणि व्हायवात विचारले जाणारे प्रश्न-उत्तरं यांचा संच मिळतो. चौथ्या मुलाला हा मार्ग सोयीचा होता, कारण तो कोल्हापुरात नसणार होता. गटप्रमुख यावर चिडली, असं वहीत तिच्याच अक्षरात आहे. पैशाचा मुद्दा डिप्लोमावाल्या मुलाने काढला: तेवढ्या पैशात आपण तीनदा चुकून चौथ्यांदा बरोबर करू शकतो.

तिसरा पर्याय सगळ्यांत शहाणपणाचा वाटत होता: डेटा वाढवायचा, रसायन आहे-नाही याची प्रयोगशाळेत तपासणी करून खरी प्रत ठरवायची आणि मॉडेल पुन्हा शिकवायचं. संशोधन म्हणून हेच योग्य. पण प्रत्येक नमुना तपासायला पैसे लागतात, वेळ लागतो आणि गुऱ्हाळाचा हंगाम काही आपल्या सेमिस्टरसाठी थांबत नाही. ऊस संपला की चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, विझतं. मार्चअखेर माहिती गोळा झाली नाही तर ती पुढच्या दिवाळीला. या एका कारणाने तिसरा पर्याय गळाला आणि माझ्या मते बरोबर गळाला.

चौथा पर्याय गुऱ्हाळावरच्या त्या भेटीतून निघाला होता. तिथे गुळव्या म्हणून जे काम करतात त्यांना सगळे तात्या म्हणतात. साठीच्या पुढचे. काहिलीतला, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतला, रस आटत आला की ते पळीभर पाक थंड पाण्यात सोडतात, बोटांत घोळवून गोळी होते का बघतात आणि "उतरवा" म्हणतात. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. उशीर झाला तर करपतो, काळा पडतो. आख्ख्या आदणाची, म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणाऱ्या रसाची, कमाई त्या क्षणावर. तात्यांच्या हाताखाली शिकायला नवं पोरगं येत नाही आणि ते एक दिवस आजारी पडले तर चुलते गुऱ्हाळ बंद ठेवतात.

तर प्रश्न असा: प्रतवारी सोडून, उतरवायची वेळ जवळ आली हे काहिलीतल्या तापमानावरून सांगता येईल का?

गाईड सरांनी हा पर्याय निवडण्याआधी एक अट घातली. शीर्षक बदलायचं तर समितीपुढे रीतसर अर्ज करायचा आणि जुनं काम का सोडलं ते दोन पानांत लिहून द्यायचं. ती दोन पानं पुढे ब्लॅकबुकमधलं सगळ्यांत चांगलं प्रकरण ठरली. समितीत यावर वाद झाला. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, तापमान मोजणं हा अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट कसा, ते तर तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. वरून पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. मी बाजूने मत दिलं, कारण प्रयोगशाळेच्या टेबलावर तापमान मोजणं आणि धुरात, वाफेत, आठ-दहा फूट व्यासाच्या उकळत्या काहिलीत ते मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत.

काय केलं

सेन्सर म्हणून मुलांनी आधी डीएस18बी20 घेतला. स्वस्त, स्टीलच्या नळीत मिळतो, प्रत्येकाने कधी ना कधी वापरलेला. त्याची कमाल मर्यादा 125 अंश सेल्सिअस आणि गूळ उतरवायचा तो साधारण 118 च्या आसपास, म्हणजे कागदावर चालतंय. डेटाशीटचं (सेन्सरच्या माहितीपत्रकाचं) पुढचं पान मात्र कुणी वाचलं नव्हतं. अर्ध्या अंशाच्या अचूकतेची हमी उणे 10 ते 85 अंशांपर्यंतच आहे. त्यापलीकडे चूक दोन अंशांपर्यंत जाऊ शकते. शिवाय बाजारात मिळणाऱ्या प्रोबची (नळीत बसवलेल्या सेन्सरची) वायर बहुधा साध्या पीव्हीसीची असते. दुसऱ्याच आदणाला ती मऊ पडून काहिलीच्या काठाला चिकटली.

मग के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या जोडाने जास्त तापमान मोजणारा सेन्सर) आणि तो वाचणारा मॅक्स6675 चा मॉड्यूल. हा पाव अंशापर्यंत वाचतो, वाचलेला आकडा ईएसपी32 या छोट्या कंट्रोलरकडे जातो, तिथून मोठ्या अक्षरांच्या डिस्प्लेवर आणि मेमरी कार्डावर. टेबलावर सुरेख चाललं. गुऱ्हाळावर नेल्यावर आकडा नाचायला लागला: 104, 131, 97. मुलांना वाटलं मॉड्यूल खराब. दुसरा लावला, तेच. डिप्लोमावाल्या मुलाच्या लक्षात आलं की चरकाची (ऊस पिळायच्या यंत्राची) मोटर बंद असली की आकडा शांत असतो, आणि प्रोब काहिलीच्या पत्र्याला टेकला की तो उसळतो. प्रोबच्या आतलं जोडाचं टोक स्टीलच्या नळीला जोडलेलं होतं. नळी काहिलीला टेकली की काहिलीची अर्थिंग आणि सर्किटची अर्थिंग यांची गाठ पडायची. टोक नळीपासून अलग असलेला प्रोब मागवला, मॉड्यूल प्रोबच्या जवळ आणला, थर्मोकपलची लांब वायर मोटरच्या केबलपासून दूर नेली. आकडा स्थिरावला. पाठ्यपुस्तकात अशा गाठीवर, म्हणजे ग्राउंड लूपवर, एक परिच्छेद असतो. या मुलांना तो आता जन्मभर विसरणार नाही.

त्यानंतरची अडचण यांत्रिक होती आणि तिचा विचार आधी कुणीच केला नव्हता. काठोकाठ भरलेल्या काहिलीत काठावरून सोडलेला प्रोब रसात बुडतो. रस आटत जातो तशी पातळी खाली जाते आणि शेवटी जेव्हा आकडा सगळ्यांत मोलाचा असतो, तेव्हा प्रोब फेसात किंवा हवेत लटकत असतो. खोल सोडावा तर तळाला टेकतो आणि तळाचा पत्रा रसापेक्षा कितीतरी तापलेला. डिप्लोमावाल्याने उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे बसून बिजागरीचा एक हात बनवला. त्याच्या टोकाला दोन इंचांची टाच. टाच तळावर टेकते, प्रोबचं टोक तळापासून दोन इंच वर राहतं, आणि काहील उतरवायच्या वेळी आख्खा हात एका झटक्यात बाहेर काढता येतो. ढवळणाऱ्याच्या फावड्याला तो आडवा येत होता म्हणून जागा दोनदा बदलली, शेवटी तात्यांनी स्वतः दाखवली. साध्या पट्टीच्या लोखंडाचा तो हात रसाने काळा पडला तेव्हा पुढचा स्टेनलेस स्टीलचा केला. खायच्या वस्तूत काय बुडवायचं याचा विचार आधीच व्हायला हवा, हे सरांनी त्यावेळी वहीत लाल शाईने लिहिलं.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खरा आहे का ते पडताळणं. फेब्रुवारीच्या रिव्ह्यूत कोड बघताना एक ओळ दिसली: वाचलेल्या तापमानात 2 मिळवा. का, तर उकळत्या पाण्यात प्रोब 98 दाखवत होता आणि पाणी 100 ला उकळतं, म्हणजे सेन्सर दोन अंश कमी दाखवतोय. तिघांनाही हे इतकं स्वाभाविक वाटलं होतं की वहीत त्याची नोंदही नव्हती. भौतिकशास्त्राच्या सरांनी प्रयोगशाळेतला पाऱ्याचा थर्मामीटर त्याच पातेल्यात धरला. तोही 98. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 98 च्या आसपासच उकळतं. बर्फाच्या पाण्यात प्रोब शून्याजवळ येत होता, म्हणजे दोष नव्हताच. तीच 2 ची भर बर्फाला लावली तर बर्फ 2 अंशांवर वितळतो म्हणायची पाळी आली असती.

या एका गोष्टीने पुढचा मोठा निर्णय सोपा केला. तोपर्यंत यंत्राने 118 ला भोंगा वाजवायचा असं ठरलेलं होतं, कारण वाचलेल्या लेखांत 118 होता. सरांनी विचारलं, हा 118 तुमच्या काहिलीतला आहे का? मुलांनी उरलेल्या हंगामात एकच शिस्त पाळली: यंत्राने काही सुचवायचं नाही, तात्यांना आकडा दिसू द्यायचा नाही, आणि ते "उतरवा" म्हणतील त्या क्षणीचा आकडा टिपायचा. सोबत उसाची जात, कुणाच्या शेतातला, चुलवाणाची स्थिती.

आदणागणिक दीड-दोन अंशांचा फरक पडत होता. को 86032 चा ऊस आणि कोएम 0265 चा ऊस सारखे वागत नव्हते. नदीकाठच्या क्षारपड रानातल्या उसाचं आणखी वेगळं. म्हणजे एका ठरावीक आकड्यावर भोंगा वाजवून तात्यांची जागा घेता येणार नव्हती. गट थोडा खचला. पण आलेख एकमेकांवर ठेवल्यावर दुसरी गोष्ट उघड दिसली. दोन-अडीच तासांच्या उकळीत बहुतेक वेळ तापमान शंभरीच्या आसपास रेंगाळतं, कारण पाणी उडून जात असतं. साखरेचं प्रमाण वाढत गेलं की शेवटी रेघ एकदम वर वळते. 110 पासून उतरवण्यापर्यंतचा टप्पा काही मिनिटांचा, आणि ते वळण प्रत्येक आदणात सापडतं. तात्यांनाही ते ठाऊक होतंच. बुडबुड्यांचा आकार आणि आवाज यांवरून ते चुलवाणापाशी बसलेल्याला चिपाड (रस काढलेला वाळका ऊस) सारायचं थांबव म्हणून हाक मारतात. तो माणूस नवा असेल तर हाकेला उशीर करतो आणि गूळ करपतो तो तिथे.

म्हणून यंत्राचं काम बदललं: 'झालं' सांगायचं नाही, 'जवळ आलं' सांगायचं. 110 ला चुलवाणाच्या बाजूला पिवळा दिवा, वळण चढलं की भोंगा. उतरवायचा निर्णय तात्यांचा. हे ऐकून तात्या म्हणाले, "ह्ये बरं झालं. माझा घसा तरी वाचंल."

चौथ्या मुलाचं काय केलं, हेही सांगायला हवं, कारण असा प्रसंग दरवर्षी येतो आणि बहुतेक वेळा तो मैत्रीच्या पोटात दडपला जातो. तो फेब्रुवारीपासून पुण्यात. बाकी तिघं पहाटे साडेतीनला दुचाकीवरून रंकाळ्याच्या कडेने गुऱ्हाळाकडे निघणार आणि याला तेवढेच गुण, यावर कुजबुज सुरू झाली होती. गाईड सरांनी त्याला बोलावून चौघांसमोर कामाची वाटणी लिहून घेतली: मेमरी कार्डावरच्या सगळ्या नोंदी दर रविवारी त्याच्याकडे जाणार, त्या साफ करणं, आलेख काढणं आणि निष्कर्षाचं प्रकरण लिहिणं त्याचं. प्रत्येकाने आपण काय केलं ते तारखेनिशी वहीत लिहायचं. मार्चपर्यंत त्याने ते नेटाने केलं. तापमानाचं वळण पहिल्यांदा त्याच्याच आलेखात दिसलं. एप्रिलमध्ये कंपनीतलं काम वाढलं आणि त्याच्या नोंदी थांबल्या. शेवटची साफसफाई कोडिंगवाल्याने केली.

निष्पत्ती

मेमध्ये व्हायवा झाला. एक्स्टर्नलनी पहिलाच प्रश्न विचारला: आधीच्या शीर्षकात मशीन लर्निंग होतं, ते कुठे गेलं? गटप्रमुखाने दोन आकडे शेजारी शेजारी दाखवले, 97 आणि साठीचा, आणि दोन्ही कसे आले ते सांगितलं. मग हायड्रॉसचं. त्यांनी पुढचा अर्धा तास केवळ प्रोबच्या हातावर आणि अर्थिंगवर प्रश्न विचारले. उत्तरं बहुतेक डिप्लोमावाल्या मुलाने दिली, मराठीत, अडखळल्याशिवाय. एक्स्टर्नलही मराठीतच विचारू लागले.

गुण चांगले मिळाले, वर्गात सर्वाधिक नाहीत. विभागाच्या प्रोजेक्ट स्पर्धेत बक्षीस दुसऱ्या गटाला गेलं. त्यांचं ॲप देखणं होतं. चौथ्या मुलाला वैयक्तिक भागात इतरांपेक्षा कमी गुण पडले. तो नाराज झाला, सरांकडे आला, वही पाहिली आणि परत गेला. वही नसती तर हा निर्णय कुणालाही पटवता आला नसता.

यंत्र हंगामाच्या शेवटपर्यंत गुऱ्हाळावर होतं. शेवटच्या दिवसांत डिस्प्लेत वाफ शिरली आणि तो दिसेनासा झाला, दिवा आणि भोंगा चालू राहिले. चुलत्यांनी पुढच्या हंगामासाठी ते पुन्हा मागितलं, तेही पैसे देऊन. डिप्लोमावाल्या मुलाने नोकरी लागल्यावरही दिवाळीच्या आधी येऊन नवा डबा बसवून दिला, यावेळी डिस्प्लेशिवाय. करपलेली आदणं किती कमी झाली याचा पक्का हिशेब नाही, कारण यंत्राआधी किती करपत होती हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

आधीची ती नोंद हीच माझ्या यादीत पहिली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सेन्सरही हातात नसताना, मुलांनी चुलत्यांना एक वही देऊन रोजची आदणं आणि त्यातली बिघडलेली किती एवढं जरी लिहायला सांगितलं असतं, तरी मेमध्ये यंत्राचा उपयोग आकड्यात मांडता आला असता. बाहेरच्या माणसासाठी प्रोजेक्ट करताना 'आधी काय होतं' हे मोजणं फुकट असतं आणि ते नंतर कितीही पैसे टाकून मिळत नाही.

विषय मंजूर करताना समितीने जागेवरची भेट मागायला हवी. पुढच्या बॅचपासून विभागाने तसा नियम केला: सिनॉप्सिससोबत, ज्याच्यासाठी काम आहे त्याच्याशी झालेल्या बोलण्याची एक पानाची नोंद, त्याच्याच शब्दांत. हायड्रॉसचा मुद्दा ऑगस्टमध्ये एका चहाच्या कपावर कळला असता. तो कळायला डिसेंबर उजाडला आणि तोवर आख्खं सेमिस्टर गेलं होतं. याला एक दुसरी बाजू आहे. सगळ्याच मुलांच्या घरी गुऱ्हाळ किंवा ओळखीचा फाउंड्रीवाला नसतो. शिरोलीत, गोकुळ शिरगावात कारखान्याच्या गेटवर अनोळखी विद्यार्थ्याला कुणी आत घेत नाही. तिथे ओळख करून देणं हे विभागाचं काम आहे आणि नियम करताना ते आम्ही अंगावर घेतलं पाहिजे, नाहीतर नियमाचं ओझं केवळ शहरात नवख्या असलेल्या मुलांवर पडेल.

हंगामाचं वेळापत्रक आणि सेमिस्टरचं वेळापत्रक एकाच कागदावर मांडायला हवं होतं. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात, म्हणजे सातवं सेमिस्टर संपत असताना. या गटाने बांधणी जानेवारीत सुरू केली, अर्धा हंगाम संपल्यावर. शेती, पूर, सण यांच्याशी बांधलेल्या कोणत्याही विषयात हा हिशेब पहिल्या रिव्ह्यूतच व्हावा. पंचगंगेच्या पाणीपातळीवर प्रोजेक्ट करू म्हणणारे गट दरवर्षी येतात. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी गाठली गेलीच तर ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्यांची चाचणी ठरलेली असते एप्रिलमध्ये, नदी तळाशी गेलेली असताना.

विभागणीच्या चुकीबद्दल: डेटासेट असलेल्या प्रत्येक प्रोजेक्टला, आकडा दाखवण्याआधी, 'एकाच वस्तूचे फोटो दोन्हीकडे आहेत का' हा प्रश्न लेखी विचारावा. आमच्या मॅडम त्या दिवशी समितीत होत्या म्हणून चूक सापडली. त्या रजेवर असत्या तर 97 ब्लॅकबुकात छापला गेला असता, पुढच्या बॅचने तो संदर्भ म्हणून वापरला असता.

चौथ्या मुलासारख्यांसाठी आठव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच वाटणी लिहून घेणं बरोबर होतं, पण एप्रिलमध्ये नोंदी थांबल्या तेव्हा लगेच बोलणं व्हायला हवं होतं. गटातल्या तिघांनी मैत्रीखातर महिनाभर काही सांगितलं नाही. आता आम्ही पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या वहीवर सही घेतो. सही चुकली की गाईडने त्याच आठवड्यात फोन करायचा.

नव्या गटाने याच कामाचा पुढचा भाग उचलला आहे: चुलवाणात दर आदणाला किती चिपाड जळतं ते मोजायचं आणि तापमानाच्या आलेखाशेजारी मांडायचं. त्यांनी काटा आणि वही ऑक्टोबरातच चुलत्यांकडे नेऊन ठेवली.